वजन उतरवायला सोबत हवी

महूची सकाळ दोन गोष्टींनी सुरू होते. छावणीतल्या मैदानांवर पीटीची शिट्टी वाजते, आणि त्याच सुमारास बाजारात पोह्यांच्या पातेल्यातून वाफा निघू लागतात. शिट्टी जवानांसाठी, पोहे मात्र सर्वांसाठी! पोह्यांवर शेव, सोबत दोन जिलब्या आणि वर साखरेचा चहा, असा आपला माळव्याचा नाश्ता. नुसती शेवच ५० ग्रॅम धरली, तरी तिच्यात सुमारे पावणेतीनशे कॅलरी असतात. त्या खर्च करायच्या, तर जवळजवळ तासभर झपझप चालावे लागते. ते चालणे मात्र बहुतेकांचे राहूनच जाते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त सुभेदार आहेत. ते एकदा आम्हांला म्हणाले, "फादर, नोकरीत होतो तोवर पोट सुटलं नाही. शिट्टी वाजली की शंभर माणसं एकदम पळायची, त्यांत मीही पळायचो. आता शिट्टी नाही आणि ती माणसंही नाहीत. एकट्यानं कोण पळतो?"

सुभेदारसाहेबांच्या या प्रश्नावरच आजचा लेख आहे. वजन कसे उतरवावे हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ठाऊक असलेले रोज करायला सोबत लागते. ती सोबत हातातल्या मोबाईलवरून मिळू शकते काय, आणि मिळाली तर तिच्यापासून कोणती सावधगिरी बाळगावी, हे आपण पाहू.

काट्याआधी टेप

"आम्ही काही लठ्ठ नाही," असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण भारतीय हातापायांनी बारीक दिसतो, पण चरबी पोटात साठवतो. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. शिंप्याची टेप घ्यावी आणि पोट आत न ओढता मोजावे. मोजताना लबाडी केली, तर ती आपल्याच अंगावर येते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर हा त्या उंबरठ्यावरचा पहिला इशारा होय.

बिस्किटांची कबुली

सोबतीचा हा उपाय मोबाईलपेक्षा जुना आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जीन निडेच नावाची एक गृहिणी होती. तिचे वजन ९७ किलोच्या आसपास गेले होते. ती सरकारी दवाखान्यात आहाराचा सल्ला घेई. परंतु रात्री आपण लपून बिस्किटे खातो, हे तिथल्या बाईंना सांगायची तिला लाज वाटे. अखेर १९६१ साली तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे बिस्किटांचे गुपित सांगून टाकले. तेव्हा कळले, की प्रत्येकीचे असे एकेक गुपित होते! त्या दर आठवड्याला जमू लागल्या. त्यातूनच १९६३ साली वजन उतरवणाऱ्यांची एक मोठी संस्था उभी राहिली आणि पुढे जगभर पसरली.

संगतीचा परिणाम उलटाही होतो. अमेरिकेतच १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००७ साली असे दाखवण्यात आले, की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याचा संभव ५७ टक्क्यांनी वाढतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,' हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

मग हा गुण मोबाईलमधून लागेल काय? चेन्नईचे डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुष निवडले. सर्वांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला. त्यांतील निम्म्यांना त्याखेरीज मोबाईलवर नियमित छोटे संदेश पाठवले. दोन वर्षांनी पाहिले, तर संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता आणि संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन ओळींची आठवणसुद्धा अशी उपयोगी पडते.

लातूरची वाट, मुंबईची वाट

आपल्या मराठी मुलखात हे मोठ्या प्रमाणावर घडले. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून एक सोपी पद्धत मांडली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनच वेळा जेवावे. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच घ्यावे. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. व्याख्यानांतून ही गोष्ट पसरली, पण टिकली ती व्हॉट्सअॅपच्या गटांमुळे. आधी रक्ताची तपासणी करायची, तिचा अहवाल पाठवायचा, मग गटात यायचे. शंका विचारली की गटातले डॉक्टर उत्तर देत. तेव्हा एका गटात २५६ माणसेच मावत. त्यामुळे गटामागून गट निघत गेले. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांनाच पुढे केले.

त्याच २०१८ साली मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी समाजमाध्यमांवरून बारा आठवड्यांचा उपक्रम चालवला. त्यात दर आठवड्याला एकच नवी सवय लावायची होती. पहिल्या आठवड्याची सवय अशी, की दिवसाची सुरुवात चहाने न करता केळ्याने किंवा भिजवलेल्या बदाम-मनुकांनी करावी. त्यांचे सांगणे दीक्षितांच्या अगदी उलट, थोडे थोडे पण वेळच्या वेळी खावे असे. घराघरांतून त्या वर्षी वाद रंगले. सासू दीक्षितांच्या बाजूची, तर सून दिवेकरांच्या!

या वादात आम्ही पडत नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दोन वाटा परस्परविरुद्ध असूनही, दोन्हींवरून वजन उतरवून आलेली माणसे आम्हांला भेटली आहेत. दोन्हींकडे काही गोष्टी समान होत्या. मधले चरणे बंद झाले, चालणे सुरू झाले, रोजचा हिशेब कुणालातरी द्यावा लागला, आणि आपल्यासारखेच आणखी कितीतरी जण हेच करीत आहेत असा धीर मिळाला.

आमच्या दोन चुका

हे सारे वाचून-ऐकून आम्हीही महूत ओळखीच्या वीसेक जणांचा एक गट काढला. त्यात आम्ही स्वतः होतोच, कारण आमचीही कंबर ९० च्या बरीच पुढे गेली होती. या कामात आमच्या हातून दोन चुका झाल्या. त्या सांगितल्या, तर इतरांना उपयोग होईल.

पहिली चूक वजनाच्या तक्त्याची. उत्साहाच्या भरात आम्ही दर रविवारी सर्वांची नावे आणि वजने गटावर टाकू लागलो. ज्यांचे उतरले त्यांना टाळ्या. ज्यांचे वाढले त्यांच्यापुढे कुणीतरी हसरे तोंड डकवी. तीन आठवड्यांत एका भगिनींनी गट सोडला. आम्ही "कामात असतील" म्हणून विषय सोडून दिला. दोन महिन्यांनी कळले, की लाजेपोटी त्यांनी फोनवरच्या जाहिरातीतली कसली तरी पावडर मागवली होती, आणि जेवण टाकून तीच पीत होत्या. अशक्तपणा आला तेव्हा घरच्यांना समजले. आम्ही जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, मला सोबत हवी होती, तुम्ही निकालपत्र लावलंत." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरी चूक याहून धोक्याची. सुभेदारसाहेबांना मधुमेह होता आणि साखर उतरवण्याची गोळी चालू होती. गटावर कुणीतरी दोन वेळच्या जेवणाचा संदेश पुढे ढकलला. सुभेदारसाहेबांनी डॉक्टरांना न विचारता तो पाळायला सुरुवात केली. जेवण कमी केले, गोळी मात्र तेवढीच ठेवली. एके दिवशी पहाटेच्या फेरीत त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. सोबतच्या एकाने ओळखले आणि जवळच्या चहावाल्याकडून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांत ते सावरले. तपासणीत साखर फार उतरल्याचे निघाले. त्या दिवशी ते एकटे चालत असते तर, या विचाराने आजही आमच्या अंगावर काटा येतो. ज्या सोबतीने त्यांना संकटात घातले, तिनेच त्यांना वाचवले.

वाचकहो, ही खूण ध्यानात ठेवावी. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला घाम, थरथर, भोवळ आली आणि साखर ७० च्या खाली असली, किंवा मोजण्याची सोय नसली, तर तो शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे नसल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

गट चालवायचा असेल तर

या अनुभवानंतर आम्ही काही नियम ठरवले. आपल्या गावी, वाडीत किंवा नात्यागोत्यात असा गट काढणार असाल, तर ते उपयोगी पडतील.

१. गट लहान असावा. दहा-बारा माणसे पुरेत. ती एकमेकांना तोंडओळखीने तरी ठाऊक असावीत.

२. वजन ज्याचे त्याने आपल्या वहीत लिहावे. गटावर सांगायचे ते काय केले तेवढेच: "आज ४० मिनिटे चाललो," "आज जिलबी नाकारली," किंवा "आज जिलबी खाल्ली." शेवटचे वाक्य लिहायला जागा नसेल, तर तो गट कामाचा नाही.

३. शरीराचे आधीचे-नंतरचे फोटो टाकू नयेत. टाकायचेच तर ताटाचे टाकावेत, परसातल्या पालकाचे, मेथीचे, दुधीच्या वेलाचे टाकावेत. आमच्या गटात तर आता वजनापेक्षा बियाण्यांची देवाणघेवाण जास्त चालते, आणि भाजी घरची झाली की ती ताटात आपोआप वाढते.

४. औषध, उपवास, पावडर यांविषयीचा पुढे ढकललेला संदेश कुणीही टाकू नये. मधुमेही, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वाढत्या वयाची मुले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

५. कुणी चार दिवस गप्प राहिला, तर त्याला गटावर न बोलावता फोन करावा. शक्य असल्यास घरी जावे.

६. महिन्याला एक सोपे काम सर्वांनी मिळून करावे. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घरातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे सुचवले होते. महिन्याला ४ लिटर तेल लागणाऱ्या घरात हे ४०० मिलिलिटर होते, म्हणजे तीन हजारांवर कॅलरी. गृहिणीने कढईऐवजी तवा घेतला तरी हे साधते.

जाहिरातीचे मायाजाल

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. फोनवर एकदा 'वजन' हा शब्द शोधला, की लगेच जाहिरातींचा पाऊस सुरू होतो: 'महिन्यात दहा किलो', 'व्यायामाशिवाय'. जाहिरातींच्या नियमनासाठी काम करणाऱ्या ए.एस.सी.आय. या संस्थेने २०२३ सालापासून असा दंडक घातला आहे, की समाजमाध्यमांवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगावी. ती जो सांगत नाही, त्याचे ऐकू नये. वजन उतरवणारी इंजेक्शनेही २०२५ पासून आपल्याकडे आली आहेत. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधे आहेत, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायची नव्हेत. घाईही नको. ७० किलोच्या माणसाचे पाच किलो जरी उतरले आणि टिकले, तरी मधुमेहाचा धोका बराच कमी होतो.

त्या भगिनी अजून गटात परतलेल्या नाहीत. पण पहाटेच्या फेरीला येतात, आणि आम्ही त्यांना वजन विचारीत नाही. सुभेदारसाहेबांची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे, आणि त्यांच्या खिशात आता साखरेची पुडी असते. रोज साडेपाचला गटावर त्यांचा एकच शब्द येतो: "शिट्टी." मग आम्हांलाही अंथरूण सोडावेच लागते. आमची कंबर सात महिन्यांत सहा सेंटिमीटरनी उतरली आहे. अजून पुष्कळ उतरायची आहे.

तेव्हा वाचकहो, आज घरातली टेप शोधा आणि आपली कंबर मोजून वहीत लिहा. मग ज्याच्यापुढे आपली बिस्किटांची गोष्ट न लाजता सांगता येईल अशा एका माणसाला फोन करा. गट त्यानंतर काढता येईल.