मनाची दोन टोके आणि सोबतीचा आधार

शेजारच्या घरातला एखादा कर्ता माणूस रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपतो, अखंड बोलतो, उसनवारी करून मोठमोठे बेत आखतो; आणि काही महिन्यांनी तोच माणूस अंथरुणातून उठेनासा होतो, असे तुम्ही पाहिले आहे काय? गावात कोणी म्हणते, "बाहेरची बाधा झाली." कोणी म्हणते, "आळस चढला." पण हा द्विध्रुवी मनोविकार असू शकतो.

चुंबकाला जसे दोन ध्रुव, तशी या आजाराला दोन टोके. एक उन्मादाचे, दुसरे खोल अवसादाचे. मधल्या काळात रोगी पुष्कळदा तुमच्याआमच्यासारखाच वागतो. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जागरण आणि ताण त्याला चिथावणी देतात. ते कोणाच्या पापाचे फळ नव्हे.

आवर्तसारणीतील तिसरे मूलद्रव्य तुम्हांला ठाऊकच आहे : लिथियम. त्याच्या क्षारांनी उन्माद शमतो, असे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. आजही हे औषध वापरतात. मात्र रक्तातील त्याची पातळी दर लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राखावी लागते.

आता आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला वैशाख आठवा. उन्हात राबताना घामावाटे पाणी व मीठ जाते. मग मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्याच्याबरोबर लिथियमही! रक्तातील पातळी चढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. जुलाब किंवा निर्जळी उपवास यांनीही हेच घडते. अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

डॉक्टर हे एकदा सांगतात. पण रोज आठवण कोण देणार? येथेच सोबतीचे महत्त्व आहे. ज्याने स्वतः हे भोगले आहे, तो दुसऱ्याला सांगतो, "मीही बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या होत्या, तू सोडू नकोस." हा शब्द उपदेशापेक्षा लवकर पटतो. अशा स्वमदत गटात घरची माणसेही बसतात. झोप कमी होणे ही उन्मादाची पहिली खूण असू शकते. पण चढत्या काळात रोग्याला स्वतःला उत्तमच वाटत असते! म्हणून बरे असतानाच त्याने घरच्यांशी करार करावा : "तीन रात्री झोप उडाली, तर मला दवाखान्यात न्या आणि पैशांचे व्यवहार थांबवा."

कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा वेगळा मनोविकार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रोगी आणि कुटुंबीय तेथे एकमेकांचे आधार झाले.

आपल्या जिल्ह्यालाही ही वाट नवी नाही. जामखेडला १९७० साली काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. या स्त्रिया एकत्र बसून अनुभव सांगत, शिकत आणि गावाला शिकवीत. कुष्ठरोगाची भीती त्यांनीच घालविली. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी भीती कुष्ठरोगाबाबत गेली, ती मनोविकाराबाबत का जाऊ नये?

मात्र ध्यानात ठेवा, सोबत ही औषधाची जागा घेत नाही. कोणी जीव देण्याची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. ताबडतोब मोठ्यांना सांगा. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि एक काम तर तुम्ही आजच करू शकता. वर्गातल्या ज्या मुलाचे वडील किंवा आई अशी आजारी असेल, त्याला "वेड्याचा मुलगा" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, डबा वाटून खा. सोबतीची सुरुवात तेथूनच होते.