विमानाची मोरी

सांताक्रूझला राहणाऱ्या माणसाला विमानाचे कौतुक उरत नाही. सकाळचा पहिला चहा आणि डोक्यावरून जाणारे विमान ही दोन्ही त्याच्या सवयीचीच. पण त्या विमानाच्या शेपटीखाली एक लहानसे दार असते आणि त्या दारामागे मोरीची झडप असते, हे मला सांगितले आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी. काका विमानतळावर मैल्याच्या गाडीवर होते. आता निवृत्त झाले. सोसायटीत ‘ते एअरपोर्टवर असतात’ एवढेच सर्वांना ठाऊक. पुढे कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

विमानातल्या संडासात बटण दाबले की मोठा आवाज होऊन सारे खेचले जाते. पाणी लागते पेलाभर. वर असताना बाकीचे काम हवेच्या दाबातला फरक करतो, जमिनीवर पंप करतो. मैला टाकीत साठतो. तो वाटेत बाहेर सोडण्याची सोय वैमानिकाजवळ नसते. हे मात्र सांगूनही पुष्कळांना पटत नाही!

विमान उतरले की काका गाडी खाली लावीत, हातमोजे चढवीत, चार इंची नळी जोडीत आणि मग मूठ ओढून टाकीची झडप उघडीत. टाकी रिकामी झाली की पाण्याने धुवायची, निळे जंतुनाशक घालायचे, झडप मिटायची आणि थोडे थांबायचे.

“थांबायचे कशाला?” मी विचारले.

“सर, कडेला कागदाचा कपटा अडकला तरी झडप मिटल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. मग थेंब येतो. पुन्हा उघडायची, पुन्हा धुवायची. तरी थेंब आला, तर रबराची कडी गेली समजायचे. ती इंजिनिअरने बदलायची. वरून झाकण लावून भागवायचे नाही.”

थेंबाचे एवढे काय, असे वाटेल. पण पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. गळती तिथे गोठते, थरावर थर चढतो आणि विमान उतरू लागले की तो बर्फ सुटतो. १९९० च्या जानेवारीत अमेरिकेत फ्लॉरिडावरून जाणाऱ्या बोइंग ७२७ चे एक इंजिनच गळून पडले. संडासाच्या गळतीचा बर्फ त्यात शिरला होता. विमान सुखरूप उतरले, हे नशीब. २०१८ साली गुरुग्रामजवळ फाजिलपूर बादली गावी आकाशातून बर्फाचा गोळा पडला, तेव्हा गावकऱ्यांनी अद्भुत वस्तू म्हणून तुकडे घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवले. अधिकाऱ्यांचा संशय विमानाच्या संडासावर होता. फ्रिजचे पुढे काय केले असेल, देव जाणे.

काकांच्या नोकरीत एका रात्री तिसऱ्यांदा धुऊनही थेंब थांबेना. विमान भरलेले. वरिष्ठ म्हणाले, “बाहेरचे झाकण आहे ना? लावा आणि हला.” काका हलले नाहीत. इंजिनिअर आला, त्याने कडी बदलली. विमान चाळीस मिनिटे उशिरा सुटले. आत बसलेल्यांनी कंपनीचा काय उद्धार केला असेल, ते आपण जाणतो, आपणही करतोच.

काकांना लेखी जबाब द्यावा लागला. त्याची प्रत त्यांनी जपून ठेवली आहे. परवा मला दाखवली. चार ओळी आहेत. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे; एरवी एकही शब्द जास्त नाही.