खडीची चाळणी

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावोगावी खडी फोडायची कामं निघाली. गरजू कोण, हे ठरवायला वेगळी चौकशी फारशी लागत नव्हती. भर उन्हात, तुटपुंज्या मजुरीवर हातोडा चालवायला खातंपितं घर कशाला येईल? चाळणी आपोआप लागायची.

अशी कामं मागेल त्याला देणाऱ्या, वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेचा १९७७मध्ये कायदा झाला. पैशाचा मोठा वाटा शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून यायचा.

मजुरी मात्र मोजमापावर. जेवढी खडी, तेवढे पैसे. पुरुष असो वा बाई, दर एकच. कागदावर चोख न्याय! पण थकलेल्या म्हातारीचा ढीग लहानच राहायचा. १९८८मध्ये दर वाढले, तेव्हा कामं अपुरी पडून मागेल त्याला काम ही हमीच पातळ झाल्याचं अभ्यासकांना दिसलं.