आधी घुं बंद करा

वडिलांचा डेक १९९२ सालचा. तेव्हाच्या औरंगाबादेत एका असेंब्लीवाल्याकडून करून घेतलेला. पत्र्याची पेटी, पुढे काळं प्लास्टिक, आत ४४४० आयसीचा बोर्ड. सोबत सुताराने बनवलेले प्लायचे दोन खोके आणि त्यांत आठ इंची स्पीकर. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा कधीच वितळून डांबर झाला, पण खोके शाबूत. वडील हल्ली मोबाइलवरच अभंग ऐकतात आणि त्यावर पखवाज डब्यावर चमचा मारल्यासारखा वाजतो. म्हणून एका सकाळी सगळा संसार गोणीत भरला आणि कन्नडच्या बसस्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवला.

मिस्त्रींनी डेककडे बघितलंही नाही. आधी खोके ओढले, घड्याळातला पेन्सिल सेल काढून स्पीकरच्या तारांना टेकवला. पहिल्याचा पडदा टप्पकन बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला.

“उलटा जोडलाय कोणीतरी,” ते म्हणाले. “एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. खर्ज जागेवरच मरतो.”

तीस वर्षं आम्ही कॅसेट कंपनीला शिव्या देत होतो. तारा अदलाबदल झाल्या, दोन डाग दिले, राळेचा धूर वर गेला आणि तो विषय संपला.

मग ब्लूटूथ किट. नाव मोठं, वस्तू तळहाताहून लहान: पेनड्राइव्हचं भोक, चार बटणं, लाल आकडे, सोबत रिमोट. किंमत अडीचशे. मिस्त्रींचा यातला मोठा धंदा ट्रॅक्टरचा. कारखाने सुरू होण्याआधी उसाचे ट्रॅक्टरवाले रांग लावतात. तिथे काम सोपं, कारण बॅटरीच बारा व्होल्टची. “फक्त रेस वाढवली की आवाजात शिट्टी चढत जाते. ती अल्टरनेटरची. पण ट्रॅक्टरवर शिट्टी ऐकतो कोण?”

किट आवाज देतं दोन तारांवर, डावी-उजवी, आणि तिसरी निगेटिव्ह. त्या डेकमध्ये कुठे जोडायच्या? मला वाटलं, टेपच्या हेडच्या तारा मोकळ्याच आहेत, तिथेच. मिस्त्री हसले. हेडमधून येणारा आवाज इतका बारीक असतो, मिलिव्होल्टच्याही आतला, की तो आधी शेकडो पट वाढवायला वेगळी पायरी ठेवलेली असते. किटचा आवाज मुळातच मोठा. तो तिथे घातला तर फाटून बाहेर पडणार. त्यांनी ती पायरी ओलांडून तारा थेट व्हॉल्यूमच्या वरच्या पायावर लावल्या. मध्ये सहा पायांचा एक स्विच टाकला. उद्या कोणी पट्टा बदललाच, तर टेपही चालावा.

किट त्यांनी आधी पेटीच्या आत ठेवून पाहिलं. मोबाइल दोन हात लांब नेला की गाणं तुटायचं. किटच्या पट्टीवर एका कडेला तांब्याची नागमोडी रेघ असते, तीच त्याची एरियल. तिच्या चहूबाजूंनी पत्रा आला की संपलं. मग कॅसेटचं दार काढलं, त्या खिडकीत किट बसवलं, पुढे फक्त प्लास्टिक. आता मी फोन घेऊन रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपर्यंत गेलो, तरी दुकानात गाणं चालूच.

इथवर पाऊण तास. मला वाटलं, झालं. मिस्त्रींनी गाणं थांबवलं आणि खोक्याला कान लावला.

“आधी घुं बंद करा, मग गाणं.”

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घुं तेवढीच. म्हणजे चोर व्हॉल्यूमच्या पुढे, पॉवर सप्लायमध्ये. घरातली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते. चार डायोड तिच्या खालच्या लाटाही वर उचलतात, म्हणून शंभर उंचवटे होतात. दोन उंचवट्यांमधले खड्डे भरायचं काम कपॅसिटरचं. टाकीसारखं: भरतं, पुरवतं, पुन्हा भरतं. तीस वर्षांत आतला ओलावा आटला की टाकी उरते पेल्याएवढी. २२००चा काढून ४७०० एमएफडीचा बसवला. जाड घुं गेली.

मग खालून एक बारीक किरकिर वर आली. मोबाइल शोधताना किट चिमण्यांसारखं कुजबुजत होतं. हे दुखणं नवं. किट करंट एकसारखा ओढत नाही, घोटाघोटाने ओढतं, आणि ते घोट ज्या निगेटिव्ह तारेतून परततात तीच तार आवाजाचं शून्य असते. शून्यच हललं तर अँप्लिफायर तेही इमानदारीने मोठं करून ऐकवतो. मिस्त्रींनी जुन्या रेडिओतला नऊ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर शोधला, त्यावर ७८०५ आयसी लावून किटला स्वतंत्र पाच व्होल्ट दिले. दोघांचं नातं आता फक्त आवाजाच्या तारेपुरतं. चिमण्या उडाल्या.

तरी पातळशी घुं होतीच. पेटीला हात लावला की कमी व्हायची, सोडला की परत. “ही पन्नासची,” ते न बघताच म्हणाले. पत्रा निगेटिव्हला कुठेच जोडलेला नव्हता. एकाच ठिकाणी जोडला. दोन ठिकाणी का नाही, हे मी विचारलं. दोन जागा म्हणजे तारेचा फेरा, आणि फेरा ट्रान्सफॉर्मरमधून पुन्हा घुं पकडतो. दुपारचे दोन वाजले होते. धुळ्याकडचे ट्रक थांबले, तेवढ्या फटीत आम्ही दोघांनी खोक्यांना कान लावले. काहीच नाही.

संध्याकाळी घरी जोडणी केली. किटमधली बाई खणखणीत इंग्रजीत काहीतरी बोलून गप्प झाली. वडील खुर्ची ओढून खोक्यासमोर बसले, वाकून कान दिला, मग माझ्याकडे बघितलं.

“चालू हाये का नाही हे? घुं तर येईना.”