कातळ जागेवरच राहतो, मग घसरतं काय?

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा सगळीकडे ‘डोंगर कोसळला’ असंच म्हटलं गेलं. पण डोंगराचा कातळ बराचसा तिथेच आहे. मग खाली आलं काय? आज तेच बघू.

माळीण आहे घोड नदीच्या खोऱ्यात, डिंभे धरणाच्या वरच्या बाजूला. इथला डोंगर म्हणजे थरांचा स्टॅक. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा टप्प्याटप्प्याने पसरला आणि थंड होऊन बेसाल्ट झाला, म्हणजे आपला काळा पाषाण. काही थर एकदम घट्ट, त्यांचे उभे कडे दिसतात. काही सच्छिद्र, ते लवकर झिजतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो, त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही. म्हणून बरेच झरे थरांच्या सांध्यावरच फुटतात.

आता वरचं आवरण. बेसाल्ट कुजून मुरूम होतो, मुरमाची माती होते. कड्यावरून सुटलेले धोंडे पायथ्याशी साचतात. ओढ्यात गोटे, नदीकाठी गाळ. यातलं काहीच कातळाला चिकटलेलं नसतं, फक्त टेकलेलं असतं.

धो धो पाऊस पडला की पाणी मुरमात मुरतं आणि खालच्या घट्ट कातळावर अडतं. वजन वाढतं, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते. मग अख्खं आवरण चिखल होऊन घसरतं.

गंमत नाही, पेच आहे हा. झरा इथेच, भाताची माती इथेच, म्हणून वस्तीही इथेच. जे पोसतं तेच घसरतं. ‘उठा, दुसरीकडे जा’ हे सांगणं म्हणूनच सोपं नाही.

पण खुणा ओळखता येतात. उतारावर नवीन भेगा, कललेली झाडं किंवा खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं. पावसात यातलं काही दिसलं तर फोटो काढत थांबू नका. आधी उतारापासून आणि ओढ्यापासून लांब व्हा, मग गावात आणि तहसील कार्यालयात कळवा.

हा भाग ट्रेकच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!