सातांपैकी चार मतं

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत सरकारी शाळांचा कारभार एका निवडून आलेल्या मंडळाकडे असतो. न्यूयॉर्कसारखे अपवाद आहेत, तिथे शाळा महापौराच्या ताब्यात आहेत. आपल्याकडेही महापालिकांची शिक्षण मंडळं होती, पण त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत. मतदाराला कुणी विचारत नसे. पुढे ती मंडळंच मोडीत निघाली. तिकडचं मंडळ कसं चालतं ते पाहायला सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण चांगलं, कारण तिथे गेल्या काही वर्षांत जे जे बिघडू शकतं ते बिघडून झालं आहे.

मंडळावर सात सदस्य, मुदत चार वर्षं. शहराच्या शालेय जिल्ह्यात सुमारे पन्नास हजार विद्यार्थी आणि वर्षाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. एवढ्या डोलाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सदस्याला मानधन किती, तर महिन्याला ५०० डॉलर. लॉस एंजेलिसमध्ये दुसरी नोकरी न करणाऱ्या सदस्याला वर्षाला सव्वा लाख डॉलर मिळतात. साहजिकच सॅन फ्रान्सिस्कोत बहुतेकांना हे काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करावं लागतं.

उभं राहण्याच्या अटी फार नाहीत. वय अठरा, नागरिकत्व, शहरात वास्तव्य आणि मतदार यादीत नाव. शिक्षक असण्याची गरज नाही, मूल शाळेत असण्याचीही नाही. मात्र पहिला डॉलर गोळा करण्याआधी ‘मी उभा राहणार’ असं लेखी कळवावं लागतं, आणि जमा-खर्च २,००० डॉलरवर गेला की हिशेब जाहीर करणं बंधनकारक होतं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. नावाखाली असतो फक्त व्यवसाय, तोही जास्तीत जास्त तीन शब्दांत, आणि तो खरोखर चालू असलेला किंवा गेल्या वर्षीपर्यंत केलेला हवा. ‘आघाडीचा’, ‘तज्ज्ञ’ असली विशेषणं चालत नाहीत. पक्ष नाही, चिन्ह नाही, त्यामुळे या तीन शब्दांवर उमेदवार भरपूर डोकं खर्च करतात. नावांचा क्रमही अकारविल्हे नसतो. दर निवडणुकीला राज्याचं निवडणूक खातं मुळाक्षरांची सोडत काढतं आणि त्या क्रमाने नावं छापली जातात. नाहीतर आद्याक्षरात पुढे असलेल्यांचं कायमच फावलं असतं.

वॉर्ड नाहीत. उमेदवार अख्ख्या शहरातून उभा राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरात चार जागांसाठी अकरा जण उभे होते. प्रत्येक मतदाराने चारपर्यंत नावं निवडायची आणि सर्वाधिक मतं मिळवणारे चौघे निवडून यायचे. त्या चौघांत पराग गुप्ता आणि सुप्रिया रे ही आपल्या कानाला ओळखीची वाटणारी दोन नावं होती. अशा लढतीत घरोघरी फिरून अख्खं शहर पालथं घालणं एकट्याला शक्य नसतं. म्हणून शिक्षक संघटना, पालकांचे गट, राजकीय क्लब आणि वर्तमानपत्रं यांच्या पाठिंब्याच्या याद्यांना मोठी किंमत येते. अध्यक्षपदापासून सुरू होणारी मतपत्रिका वाचता वाचता थकलेला मतदार शाळांच्या रकान्यापाशी येतो तेव्हा त्याच्या हातात अशीच कुठली तरी यादी असते.

तिकडे राहणाऱ्या मराठी पालकांच्या कामाची इथे एक गोष्ट आहे. २०१६ मध्ये शहराने सार्वमताने ठरवलं की एकोणीस वर्षांखालचं मूल शहरात राहत असेल, तर नागरिक नसलेल्या आईवडिलांनाही शिक्षण मंडळासाठी मत देता यावं. म्हणजे व्हिसावर असलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला बापही मतदार. उभं मात्र राहता येत नाही. २०१८ मध्ये पहिल्यांदा हा हक्क वापरता आला तेव्हा मतं पडली शंभराच्या आत. लोक उदासीन होते म्हणणं सोपं आहे. खरं कारण धास्ती असावी. नोंदणीतला नावपत्ता इमिग्रेशन खात्याच्या हाती लागू शकतो, असा इशारा निवडणूक कार्यालय स्वतःच देतं. शिवाय चुकून दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत मत दिलं तर देशातून हाकललं जाण्याची वेळ येऊ शकते. वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नये हे बरं.

निवडून आल्यावर पहिला धक्का बसतो तो अधिकारांचा. मंडळाचा सदस्य शाळा चालवत नाही. मुख्याध्यापकाची बदली करणं, शिक्षकाला बोलावून घेणं, वर्गात जाऊन सूचना देणं यातलं काहीही त्याच्या हातात नाही. मंडळ नेमतं ते एका सुपरिंटेंडंटला, आणि बाकीचा सगळा कर्मचारीवर्ग त्याच्या हाताखाली. मंडळाने धोरण ठरवायचं, अंदाजपत्रक आणि करार मंजूर करायचे, त्या एका माणसाकडून जाब घ्यायचा. तेही सातांपैकी चार मतं जमली तर. सभेबाहेर एकटा सदस्य म्हणजे चार नागरिकांतला एक.

ती चार मतं खासगीत जमवायलाही बंदी आहे. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार बहुमत होईल इतक्या सदस्यांनी सभेबाहेर मंडळाच्या कामाबद्दल चर्चा करायची नाही. पहिल्याने दुसऱ्याला फोन केला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, तरी तो कायदाभंगच. एका ईमेलला ‘सर्वांना उत्तर’ दाबलं की संपलं. २०२१ पासून तर सहकाऱ्याने मंडळाच्या कामाबद्दल समाजमाध्यमावर काही लिहिलं, तर त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकण्याचीही मनाई झाली. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही.

हे नियम निव्वळ औपचारिक वाटतात, पण त्यांना दात आहेत. लोवेल हायस्कूल ही शहरातली गुणांवर प्रवेश देणारी नामांकित शाळा. २०२१ च्या फेब्रुवारीत मंडळाने तिथे सोडतीने प्रवेश द्यायचं ठरवलं. विषयपत्रिकेतला मथळा मात्र लोवेलमधल्या वंशभेदाबद्दल होता. प्रवेशपद्धत बदलणार आहे हे त्यावरून कुणाला कळलं नसतं. न्यायालयाने याच मुद्द्यावर ठराव बेकायदा ठरवला. सोडत चांगली की वाईट, या वादात न्यायालय शिरलंच नाही.

सगळ्यात अवघड काम अंदाजपत्रकाचं, आणि त्यातही तारखांचं. कॅलिफोर्नियात राज्याकडून येणारा बहुतेक पैसा मुलांच्या सरासरी हजेरीवर ठरतो. पटावर नाव असून मूल घरी राहिलं की पैसा घटतो. राज्यपाल जानेवारीत पहिला अंदाज मांडतात, मेच्या मध्याला तो सुधारतात, विधिमंडळ जूनच्या मध्याला मंजुरी देतं आणि जिल्ह्याने १ जुलैच्या आत आपलं अंदाजपत्रक पक्कं करायचं असतं. मात्र पुढच्या वर्षी एखाद्या शिक्षकाला कमी करायचं असेल, तर कायद्याने त्याला १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस आणि १५ मेपर्यंत अंतिम नोटीस द्यावी लागते. म्हणजे हातात किती पैसा येणार हे कळायच्या आधीच कुणाला घरी पाठवायचं यावर मत द्यायचं. सावध सदस्य जास्त नोटिसांना हात वर करतो आणि मेमध्ये त्यातल्या बऱ्याच मागे घेतो. तोवर नोटीस मिळालेला तरुण गणिताचा शिक्षक शेजारच्या जिल्ह्यात मुलाखत देऊन आलेला असतो. नोटिसा कमी काढल्या आणि पैसा कमी आला, तर तूट मंडळाच्या गळ्यात. २०२४ मध्ये तूट इतकी वाढली की राज्याने मंडळाचे खर्चाचे निर्णय थोपवण्याचा अधिकार आपल्या वित्तीय सल्लागारांना दिला. त्याच ऑक्टोबरात सुपरिंटेंडंटनी बंद किंवा विलीन करायच्या शाळांची यादी जाहीर केली. पालक खवळले, काही दिवसांत सुपरिंटेंडंटनी राजीनामा दिला आणि योजना बारगळली. घटलेली पटसंख्या मात्र त्यामुळे वाढली नाही.

मतदारांचा राग कुठवर जातो हे २०२२ मध्ये दिसलं. कोविडमुळे शाळा बंद असताना, २०२१ च्या जानेवारीत मंडळाने वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्यासह ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला, आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला. घरात अडकलेल्या मुलांचे पालक तोवर सदस्यांना मुदतीआधी पदावरून हटवण्यासाठी सह्यांच्या मागे लागले होते. १५ फेब्रुवारी २०२२ च्या मतदानात तीन सदस्य मोठ्या फरकाने परत बोलावले गेले. बाकीचे चौघे सुटले ते नियमाने: त्यांना निवडून येऊन पुरेसे दिवस झाले नव्हते. रिकाम्या जागा महापौरांनी भरल्या. त्यानंतरच्या मंडळाने लक्ष्यं आकड्यांत लिहून काढली, उदाहरणार्थ वाचनात पुरेशी तयारी असलेली तिसरीची मुलं ५२ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ७० टक्क्यांवर न्यायची. अशी लक्ष्यं कागदावर सोपी असतात हे खरं. तरी सभेत बोलायला ठोस विषय मिळाला, हेही काही कमी नाही.

सभा संध्याकाळी फ्रँकलिन रस्त्यावरच्या कार्यालयात भरते आणि बरेचदा रात्री उशिरापर्यंत चालते. पगाराच्या वाटाघाटी, खटले असे विषय बंद दाराआड. विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकण्याची सुनावणीही सहसा बंद दाराआडच होते, पण अंतिम मतदान कायद्याने उघड्यावर घ्यावं लागतं; तिथे मुलाचं नाव न घेता फक्त क्रमांक वाचतात. कुणालाही, नागरिक असो वा नसो, आपलं नाव न सांगताही बोलता येतं, मात्र मिनिट-दोन मिनिटंच. पालक तावातावाने प्रश्न विचारतात आणि समोरचे सातही जण गप्प बसतात. पहिल्यांदा येणाऱ्याला हा उर्मटपणा वाटतो. विषय पत्रिकेवर नसेल तर त्यांना त्यावर चर्चा करायची मुभाच नाही. फार तर ते थोडक्यात उत्तर देऊ शकतात किंवा सुपरिंटेंडंटना माहिती घ्यायला सांगू शकतात.