दहा पानांचा स्वाध्याय

पहिल्या सत्राची अखेर जवळ आली की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक ठरावीक गर्दी उसळते. 'लोकमान्य टिळक : जीवन व कार्य' असा काहीसा विषय प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून दिलेला असतो, 'दहा पाने, किमान तीन संदर्भग्रंथ' अशी अट घातलेली असते, आणि मग वर्गातली साठ-सत्तर मुले देवघेवीच्या खिडकीशी एकाच पुस्तकाची चौकशी करू लागतात. त्या पुस्तकाची प्रत एक, फार तर दोन. ती पहिल्या दिवशी ज्याच्या हाती लागली त्याच्याकडून परस्पर फिरत राहते, आणि परत आलीच तर नेमकी हवी ती पाने ब्लेडने कापून घेतलेली असतात. (हल्ली मोबाइलमुळे ब्लेडची गरज उरली नाही, एवढीच काय ती ग्रंथांची सुधारलेली दैवगती.) शेवटी एकच निबंध साठ हस्ताक्षरांत तपासण्याची शिक्षा प्राध्यापकांनाच भोगावी लागते आणि विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी नाही असा शेरा मारून ते मोकळे होतात. माझ्या मते यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ग्रंथात आयते प्रकरण होऊन बसले आहे, त्याची नक्कल होणार नाही तर काय होणार?

त्याऐवजी पुण्यातल्या एखाद्या वर्गाला असा प्रश्न द्यावा : 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेच्या पुराने शहराची दाणादाण उडाली, तर त्या आठवड्यातील वृत्तपत्रांनी या घटनेची जी कारणे सांगितली आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या चौकशी आयोगाने जी नमूद केली, त्यांत अंतर कोठे पडते? हे उत्तर कोणत्याही एका कपाटात नाही. मेल्विल ड्यूईने 1876 साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणानुसार धरणबांधणीचे ग्रंथ 627 खाली, आपत्तींविषयीचे 363 खाली आणि पुण्याच्या इतिहासाचे 954 खाली लागतात, त्यामुळे विद्यार्थ्याला तीन दालने हिंडावी लागतात आणि एकच घटना निरनिराळ्या शास्त्रांच्या वाट्याला कशी येते हे त्याच्या आपोआप ध्यानात येते. कोणी केतकरांचा ज्ञानकोश काढील आणि रिकाम्या हाताने परत येईल, कारण तो पानशेतच्या कितीतरी आधीचा. ही निराशा मात्र मोलाची, कारण प्रत्येक साधनाला त्याची तारीख असते हे दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते त्या एका हेलपाट्याने पटते. दुसरा कोणी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1885 सालचा पुणे जिल्ह्याचा खंड उघडील, तेव्हा त्याला खडकवासल्याच्या जलाशयाची हकिकत सापडेल, आणि पुरात गेलेल्या दोन धरणांपैकी एक एकोणिसाव्या शतकातले तर दुसरे पुरते बांधूनही झालेले नव्हते, ही गोष्ट ध्यानी आल्यावर त्याचा स्वतःचा असा प्रश्न जन्म घेईल. खरे संशोधन सुरू होते ते येथे.

असा स्वाध्याय द्यायचा तर प्राध्यापकांनी ती वाट आधी स्वतः चालून पाहिली पाहिजे. वृत्तपत्रांचे त्या सालचे बांधीव अंक आपल्या ग्रंथालयाच्या दफ्तरी आहेत की वाळवीने केव्हाच फस्त केले, आयोगाचा अहवाल मिळतो की त्यासाठी अन्य ग्रंथालयाला पत्र लिहावे लागेल, आणि मुख्य म्हणजे त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, हा सारा तपशील ग्रंथपालांना ठाऊक असतो. परंतु विषय जाहीर करण्यापूर्वी त्यांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आगाऊ सूचना मिळाली तर ते निवडक ग्रंथ घरी न देता वाचनकक्षातील राखीव कपाटात ठेवू शकतात, आणि एका प्रतीवर साठ जणांचे काम भागते.

गुणांची वाटणीही बदलावी लागेल. पानांच्या संख्येला गुण देणे बंद करावे, आणि प्रथम प्रश्न, मग साधनांची यादी, मग लेख अशा तीन हप्त्यांत काम मागवावे. यादीत प्रत्येक साधनापुढे ते का घेतले, आणि जे टाकले ते का टाकले, याचे दोन वाक्यांत कारण लिहवून घ्यावे. ही दोन वाक्ये दुसऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाहीत, कारण शेजाऱ्याने टाकलेले साधन आपण घेतलेले असण्याचाच संभव अधिक. तपासणाऱ्याचे श्रम यात वाढतात हे कबूल. पण साठ वेळा तोच निबंध वाचण्याच्या श्रमांशी त्यांची तुलना करून पाहावी.